बॅकअप चालू आहे, असं तुम्हाला कोण सांगतं?

मागच्या वर्षी जूनमध्ये माझ्या लॅपटॉपची डिस्क गेली. रात्री काम चालू ठेवून झोपले, सकाळी बघते तर स्क्रीन काळी. तरी फार घाबरले नाही, कारण रोज रात्री दोन वाजता आपोआप बॅकअप होत होता. निदान माझी तशी समजूत होती. एक्स्टर्नल डिस्क मैत्रिणीच्या मशीनला लावली आणि शेवटचा स्नॅपशॉट निघाला ४१ दिवसांपूर्वीचा. विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी वहीत होत्या, त्या पुन्हा टाईप केल्या. पण मधल्या काळात लिहिलेला विश्लेषणाचा कोड आणि प्रबंधातल्या एका प्रकरणाचा अर्धा मसुदा, हे गेलं ते गेलंच.

चूक काय झाली ते सविस्तर सांगते, कारण ही कोणाच्याही हातून होण्यासारखी आहे. मी रेस्टिक हे कमांड-लाईनवरचं मोफत सॉफ्टवेअर वापरते. त्याच्या साठ्याला, म्हणजे रिपॉझिटरीला, पासवर्ड असतो. आधी तो मी स्क्रिप्टमध्येच लिहिला होता. मग ती स्क्रिप्ट गिटवर टाकायची म्हणून शहाणपणाने पासवर्ड तिथून काढला आणि बॅशआरसी फाईलमधल्या एका व्हेरिएबलमध्ये ठेवला. टर्मिनलमध्ये हाताने चालवून पाहिलं, बॅकअप झाला, विषय संपला. पण रात्री दोनला स्क्रिप्ट मी चालवत नव्हते, क्रॉन चालवत होता. क्रॉन तुमची बॅशआरसी वाचत नाही. त्याला पासवर्ड मिळत नव्हता, रेस्टिक एरर देऊन थांबत होतं, आणि ती एरर क्रॉन त्याच मशीनवरच्या अशा मेलबॉक्सकडे पाठवत होता जो मी कधी सेटच केला नव्हता. नव्या लॅपटॉपवर तीच स्क्रिप्ट चालवली तेव्हा हे सगळं कळलं.

रेस्टिक मुळात फार चांगलं आहे, त्याचा दोष नाही. ते प्रत्येक फाईलचे साधारण एक एमबीच्या आसपासचे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्याचा शा-२५६ हॅश काढतं, आणि तो तुकडा साठ्यात आधीच असेल तर पुन्हा साठवत नाही. त्यामुळे पहिला बॅकअप तासभर चालतो, पुढचे काही मिनिटांत उरकतात, आणि तरी प्रत्येक स्नॅपशॉट पूर्ण दिसतो. साठा एन्क्रिप्टेड असतो. पासवर्ड हरवला तर डेटाही हरवला, कोणीही परत काढून देऊ शकत नाही. म्हणून तो कागदावर लिहून घरी आईकडे ठेवा. (ड्राईव्हवर फोल्डर सिंक होतो म्हणजे बॅकअप आहे, असं अनेकांना वाटतं. चुकून बिघडवलेली फाईल सिंक तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोचवतो.)

आता मी काय बदललं ते. पासवर्ड एका वेगळ्या फाईलमध्ये आहे, ती फक्त मला वाचता येते, आणि तिचा पूर्ण पत्ता स्क्रिप्टमध्ये दिलेला आहे. क्रॉनऐवजी सिस्टमडीचा टायमर लावला. त्यात 'पर्सिस्टंट' हा पर्याय चालू केला की लॅपटॉप बंद असल्यामुळे चुकलेली फेरी मशीन सुरू झाल्यावर होते. साधा क्रॉन चुकलेली वेळ विसरून जातो. दुसरा साठा विभागातल्या सर्व्हरवर, कारण एकाच खोलीतल्या दोन डिस्क एकाच दिवशी भिजू शकतात.

पण खरा बदल निरोपाचा. आपण मुलांना 'पोचलास की फोन कर' म्हणतो, 'अडचण आली तर फोन कर' म्हणून थांबत नाही, कारण खरी अडचण आली तर फोन करायची सोयच राहणार नाही. बॅकअपचंही तसंच. बॅकअप नीट झाला तरच माझी स्क्रिप्ट एका बाहेरच्या सर्व्हरला 'पोचले' असा निरोप पाठवते. ३६ तास निरोप आला नाही, तर तो सर्व्हर मला मेल करतो. 'नीट झाला' म्हणजे एक्झिट कोड शून्य. रेस्टिकचा कोड ३ आला तर स्नॅपशॉट बनलेला असतो, पण काही फाईली वाचता आलेल्या नसतात. तोही निरोप अडवायलाच हवा.

हे फक्त माझ्यासारख्या धांदरटांपुरतं नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. रोजचा बॅकअप बघायला गेले तर तिथे काहीच नव्हतं. बॅकअप घेणारं प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचं होतं, ते दर वेळी अपयशी ठरत होतं, आणि अपयशाचे मेल मेल-सर्व्हर नाकारत होता. शेवटी सहा तास आधी कोणीतरी सहज हाताने घेतलेल्या प्रतीवर निभावलं.

जुने स्नॅपशॉट काढण्यासाठी 'फर्गेट' कमांड आहे. मी सात रोजचे, चार आठवड्यांचे आणि बारा महिन्यांचे ठेवते. त्याने फक्त यादी कमी होते, जागा मोकळी होते 'प्रून'ने. आधी 'ड्राय-रन' लावून काय जाणार ते वाचा. पुसणारी ओळ हीच बॅकअपमधली सगळ्यात धोक्याची ओळ. डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर बॅकअपच्या जुन्या लॉग फाईली पुसणारी स्क्रिप्ट, ती चालू असतानाच, बदलण्यात आली. बॅश स्क्रिप्ट पुढे पुढे वाचत जातो. मध्येच फाईल बदलल्याने व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि लॉगऐवजी संशोधकांचा डेटा पुसला गेला. सुमारे ७७ टीबी, १४ गट, त्यातल्या चार गटांचा डेटा परत मिळू शकला नाही.

शेवटचं, आणि हेच बहुतेक जण टाळतात: परत काढून बघणं. रेस्टिकचं 'चेक' नुसतं दिलं तर ते साठ्याची रचना तपासतं, सगळा डेटा वाचत नाही. त्यासाठी 'रीड-डेटा-सबसेट' लावून दर आठवड्याला पाच टक्के वाचून घेते. महिन्यातून एकदा दहा फाईली वेगळ्या फोल्डरमध्ये 'रिस्टोअर' करून मूळ फाईलींशी हॅश जुळवते.

या दहा फाईली कुठून निवडायच्या? आधी मी स्नॅपशॉटच्या यादीतून निवडायचे, आणि अर्थातच दहाच्या दहा मिळायच्या. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा माझ्या कामाच्या फोल्डरमधून निवडल्या, तर दोन सापडेनात. तात्पुरत्या फाईली वगळायच्या म्हणून 'एक्स्क्लूड'मध्ये मी 'टेम्प' लिहिलं होतं. माझ्या तापमानाच्या नोंदींच्या फोल्डरचं नावही टेम्पच. एक्झिट कोड शून्य, निरोप रोज वेळेवर, आणि दोन पावसाळ्यांचं तापमान कुठल्याच साठ्यात नाही. फोल्डरचं नाव त्याच दिवशी बदललं.