कांतीची गोष्ट – भाग ९ : पाटीवरची अक्षरं आणि कावसजीचं नाक

लेझरवरचा भाग पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. वांगावरचा भाग वाचून आलेल्या पत्रांत इचलकरंजीच्या एका ताईंचं पत्र होतं, आणि त्यांचा प्रश्न लेझरच्या आधी सुटायला हवा. त्यांच्या मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय. गालांवर मुरुमांचे जुने खड्डे आहेत. घराजवळच्या क्लिनिकमध्ये तिला ‘ब्रायडल पॅकेज’ सुचवलं: चार पील, दोनदा लेझर, डोळ्यांखाली फिलर. त्याच दिवशी पैसे भरले तर सवलत. ताईंनी पैसे भरले नाहीत. बाहेर येऊन पाटीचा फोटो काढला आणि मला पाठवला. “डॉक्टरांच्या नावापुढे सहा पदव्या आहेत. सहा म्हणजे चांगलेच असणार ना?”

ताई, पाटीचा फोटो काढलात हे फार उत्तम केलंत. आता ती पाटी एकत्र वाचू.

मी सगळ्यात आधी पहिली पदवी शोधतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं असतं. तुमच्या फोटोतली पहिली पदवी बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीची. ती खरी पदवी आहे, तिचा अभ्यास मोठा आहे. पुढे सीसीएमपी आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, तो हा. त्वचेवर लेझर चालवण्याचं किंवा चेहऱ्यात सुई घालण्याचं प्रशिक्षण त्यात येत नाही. उरलेल्या चार ओळींत डिप्लोमे आणि फेलोशिप आहेत, त्यांत कुठेही ‘एमडी’ नाही. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’, ‘ट्रायकॉलॉजिस्ट’, ‘अ‍ॅस्थेटिक फिजिशियन’ हे शब्द पाटीवर भारदस्त दिसतात, पण आधुनिक वैद्यकाच्या मान्यताप्राप्त पदव्युत्तर शाखांमध्ये या नावांची शाखा नाही.

मग काय शोधायचं? त्वचारोगतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर तीन वर्षांची एमडी किंवा डीएनबी, नाहीतर दोन वर्षांची पदविका. ती पाटीवर डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल अशी दिसते. प्लास्टिक सर्जन म्हणजे एमबीबीएस, मग एमएस, मग आणखी तीन वर्षांची एमसीएच. एमबीबीएसची साडेपाच वर्षं धरली तर एकूण साडेअकरा वर्षं. जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारे एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातले, सर्जन हा वेगळा विषय. डिसेंबर २०२२ मध्ये दंत परिषदेने त्यांना केसरोपणाची आणि चेहऱ्याच्या सौंदर्यशस्त्रक्रियांची मुभा दिली, आमच्या, म्हणजे त्वचारोगतज्ज्ञांच्या आणि प्लास्टिक सर्जनांच्या, संघटनांनी विरोध केला, तो वाद अजून शमलेला नाही. जबड्याच्या हाडाचं काम असेल तर मी स्वतः माझे रुग्ण त्यांच्याकडे निर्धास्तपणे पाठवतो. वांगासाठी पाठवणार नाही.

आणि नोंदणी क्रमांक. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार तो दवाखान्यात लावलेला असायला हवा, प्रिस्क्रिप्शनवर हवा आणि पैशांच्या पावतीवरही हवा. हा क्रमांक कोणत्या परिषदेचा आहे ते पाहा, कारण होमिओपॅथीची परिषद वेगळी, आयुर्वेदाची वेगळी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक घातला की नोंदणी चालू आहे का आणि कोणत्या पदवीची आहे, ते दिसतं. याच आचारसंहितेत असंही लिहिलंय की एखाद्या शाखेची खास पदवी नसलेल्या डॉक्टरने स्वतःला त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणवून घेऊ नये. नियम तेवीस-चोवीस वर्षं जुना आहे. बाजारपेठेतल्या पाट्या त्याच्याकडे पाहत नाहीत, म्हणून आपण पाहायचं.

प्रशिक्षणाबद्दल मी इतका हट्टी का, हे सांगायला मला पुण्यात जावं लागेल, आणि तेही १७९४ च्या आसपास. नियमित वाचकांना ठाऊक आहे की ही गोष्ट मी कधीची राखून ठेवली होती.

कावसजी हा इंग्रज फौजेबरोबरचा बैल हाकणारा गडी. टिपूबरोबरच्या १७९२ च्या युद्धात तो पकडला गेला. त्याचं नाक कापलं आणि एक हातही तोडला. वर्षभर तो नाकाशिवाय वावरला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने, जो जातीने विटा पाडणारा कुंभार होता, त्याला नवं नाक बसवलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचं चित्र काढलं, आणि ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये सगळी हकिकत छापून आली.

ती पद्धत मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी मला तितकाच आनंद होतो. आधी मेणाची पातळ पट्टी नाकाच्या थोटकावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा. मग ती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि कडेने रेघ ओढायची. तेवढी कातडी सोडवून घ्यायची, पण दोन डोळ्यांच्या मधली चिंचोळी पट्टी मात्र कापायची नाही. थोटकाच्या कडा खरवडून ताज्या करायच्या, कातडीला अर्धा पीळ देऊन ती खाली आणायची आणि तिची कडा तिथे दिलेल्या चिरेत बसवायची. वर पाण्यात मऊ केलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या. आपला पानातला कात! चार दिवस त्याला हात लावायचा नाही, मग तुपात भिजवलेल्या घड्या. रुग्णाने पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे. डोळ्यांमधली ती पट्टी पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापायची, म्हणजे नवं नाक खालच्या रक्तावर जगायला लागल्यावरच.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने ही हकिकत वाचली. त्याने प्रेतांवर सराव केला, हिंदुस्थानातून परतलेल्या लोकांकडे चौकशा केल्या, आणि जिवंत माणसावर पहिली सुरी चालवली ती १८१४ साली. मासिकातली हकिकत आणि पहिला रुग्ण यांत वीस वर्षं गेली. त्याचं पुस्तक १८१६ चं, आणि युरोपातली आधुनिक प्लास्टिक सर्जरी त्यानंतर मार्गी लागली. पुण्याच्या त्या कारागिराचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही, याची मला आजही खंत वाटते.

ही वीस वर्षं शनिवार-रविवारच्या कार्यशाळेशेजारी ठेवा. शनिवारी हॉटेलच्या सभागृहात चित्रफीत, रविवारी एका स्वयंसेवकाच्या कपाळात दोन सुया, सोमवारी भिंतीवर प्रमाणपत्र. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्ये केसरोपणाबद्दल सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणं म्हणजे असे उपचार सुरू करण्यापुरतं प्रशिक्षण नव्हे, असं त्यांत सरळ लिहिलं आहे. मला ते वाचून बरं वाटलं. हे वाक्य कधीच लिहिलं जायला हवं होतं.

पण कावसजीची गोष्ट मी केवळ हौसेने सांगितलेली नाही. डोळ्यांमधली ती न कापलेली पट्टी पुन्हा आठवा. तिच्यातून भुवयांमधून कपाळाकडे चढणाऱ्या छोट्या धमन्या जातात, आणि त्यांच्या रक्तावर कावसजीचं नाक जगलं. या धमन्या डोळ्याच्या मुख्य धमनीतून निघतात. त्यांचं हे नातं दोन्ही बाजूंनी चालतं. भुवयांमध्ये किंवा नाकाच्या दांड्यावर फिलर भरताना सुईचं टोक अशा धमनीत गेलं आणि दाब जास्त पडला, तर फिलर उलट वाहत डोळ्याच्या धमनीपर्यंत पोहोचू शकतं आणि तिथून पडद्यापर्यंत. मग दृष्टी जाते. असं क्वचित घडतं, पण घडतं. डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा तुटला तर हातात तास-दीड तासाच्या आसपास वेळ असतो. धमनी बाहेरच्या कातडीची असेल तर आधी कातडी पांढरी पडते, मग जाळीसारखी निळसर होते आणि ठणका फार वाढतो. त्यावेळी लगेच हायलुरोनिडेज टोचावं लागतं. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर विरघळवणारं हे एन्झाइम आहे.

म्हणून फिलर घ्यायला जाणाऱ्या प्रत्येकाने एक प्रश्न विचारावा, असं मी गेली कित्येक वर्षं सांगतो: “तुमच्याकडे आत्ता हायलुरोनिडेज आहे का? दाखवाल का?” जाणकार डॉक्टर फ्रिज उघडतात, कुपी दाखवतात, मुदतीची तारीख वाचून दाखवतात आणि बरेचदा खूश होतात. ज्यांना ते नाव नवं वाटतं, किंवा ‘आमच्याकडे असं कधी होत नाही’ असं जे म्हणतात, तिथून उठावं. कधीच होत नाही असं मी माझ्या स्वतःच्या हाताबद्दलही म्हणणार नाही.

हाच प्रश्न दुसऱ्या रूपात सगळ्या उपचारांना लागू होतो: बिघडलं तर तुम्ही काय करता, आणि रात्री मी कोणाला फोन करू? बोटॉक्समुळे पापणी उतरली तर? लेझरने गाल काळवंडला तर? उत्तरात औषधाचं नाव, किती आठवडे लागतील ते आणि डॉक्टरांचा स्वतःचा नंबर आला तर निम्मं काम झालं. उत्तर काउन्सेलर नावाच्या मुलीने दिलं आणि डॉक्टर भेटलेच नाहीत, तर सुई कोण धरणार हे आधी विचारा.

पैशांचं थोडक्यात. बिलाची पावती घ्याच. आचारसंहितेनुसार तुमच्या उपचाराच्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हव्यात. खासगी दवाखान्यात पैसे देऊन घेतलेला उपचार ग्राहक कायद्याखाली येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवलं. पावती नसेल तर ग्राहक न्यायालयात उभं राहणं फार अवघड जातं. आजच्या दिवसापुरत्या सवलतीबद्दल माझं मत कडक आहे. चेहऱ्याचा निर्णय त्याच दिवशी घ्यायला लावणाऱ्या डॉक्टरकडे मी माझ्या घरातलं माणूस पाठवणार नाही.

आता तुमच्या मुलीबद्दल, ताई. खड्ड्यांवर उपाय आहेत आणि चांगले आहेत: खालचे ताणलेले धागे सुईने सोडवणं, मायक्रोनीडलिंग, फ्रॅक्शनल लेझर. पण ते बैठकींमध्ये होतात, दोन बैठकींत महिना-दीड महिना जावा लागतो, आणि फरक काही महिन्यांनी दिसतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला प्रत्येक जखमेनंतर डाग धरायची सवय असते, आणि तो डाग जायलाही महिने लागतात. लग्नाच्या दोन महिने आधी हे सुरू केलं तर हळदीच्या दिवशी गालावर खड्डे असतीलच, वर नवे डाग असण्याची भीती. म्हणून आत्ता रोज सनस्क्रीन, साधं मॉइश्चरायझर, नवे मुरुम येत असतील तर तेवढ्यापुरतं औषध. नवीन पील नाही, डोळ्यांखाली फिलर तर मुळीच नाही. कोल्हापुरात त्वचाविभाग असलेलं शासकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा ज्यांचा क्रमांक तुम्ही तपासलात अशा एमडी डॉक्टरांकडे तिला एकदा दाखवा. खड्ड्यांचं काम लग्नानंतर, उन्हाळा सरल्यावर सावकाश सुरू करा. मुलगी कुठे राहायला जाणार ते कळवलंत तर तिथल्या तज्ज्ञांबद्दल लिहीन.

लेझरबद्दलची पत्रं सगळी जपून ठेवली आहेत. पुढच्या भागात सुरुवात टॅटू काढण्यापासून करू, कारण सर्वाधिक प्रश्न त्याचे आहेत.