महानगरपालिका कर्मचारी प्रशासन

महानगरपालिकेच्या सेवेतील अधिकारी व कर्मचारी यांची पदनिर्मिती, भरती, नेमणूक, प्रशिक्षण, पदोन्नती, वेतन, शिस्त आणि निवृत्ती यांविषयीचे कार्य पाहणारी प्रशासनशाखा. व्यवहारात तिला ‘आस्थापना’ अथवा ‘प्रशासन विभाग’ म्हणतात. ‘मानव संसाधन विभाग’ ही संज्ञा उद्योगक्षेत्रातून पुढे प्रचारात आली. विभागाचा प्रमुख बहुधा उपायुक्त किंवा साहाय्यक आयुक्त या दर्जाचा असून तो आयुक्तांच्या नियंत्रणाखाली काम करतो. सेवापुस्तके, रजा, वेतननिश्चिती व निवृत्तिवेतनाची प्रकरणे एवढ्यावरूनच या विभागाची ओळख होत असल्याने त्याचे काम कारकुनी स्वरूपाचे समजले जाते. प्रत्यक्षात एखाद्या प्रभागात सफाईसाठी किती माणसे येणार, रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षात रात्री परिचारिका असणार की नाही आणि अग्निशामक बंब कोण चालविणार, हे या विभागाने काही वर्षांपूर्वी केलेल्या किंवा न केलेल्या कामावर ठरते.

झपाट्याने वाढणाऱ्या औद्योगिक नगरात या कामाची अडचण विशेष प्रकारची असते. लोकसंख्या कारखान्यांच्या गतीने वाढते, तर पदे शासकीय मंजुरीच्या गतीने वाढतात. या दोन गतींमधील अंतर भागविणे हेच विभागप्रमुखाचे खरे कार्य ठरते. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण हा औद्योगिक पट्टा याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण होय.

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाल्यानंतर या भागात मोठ्या औद्योगिक वसाहतीची आखणी झाली आणि बजाज, टेल्को (नंतरची टाटा मोटर्स) यांसारख्या कारखान्यांभोवती लघुउद्योगांचे जाळे पसरले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या ग्रामपंचायतींचे एकत्रीकरण करून ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका अस्तित्वात आली. तिच्या स्थापनेत अण्णासाहेब मगर यांचा पुढाकार होता. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. १९९७ मध्ये तळवडे, चिखली, मोशी, चऱ्होली, रावेत इ. गावे हद्दीत आली. १९७१ मध्ये लाखाच्या आत असलेली लोकसंख्या १९९१ मध्ये सु. ५.१७ लाख, २००१ मध्ये सु. १० लाख आणि २०११ मध्ये सु. १७.२७ लाख झाली.

अशा प्रत्येक स्थित्यंतरात कर्मचाऱ्यांचे समावेशन करावे लागते. नगरपालिकेची महानगरपालिका होताना जुने कर्मचारी नव्या संस्थेचे कर्मचारी मानले जातात, अशी संक्रमणकालीन तरतूद अधिनियमाच्या परिशिष्टातच आहे. ग्रामपंचायत हद्दीत विलीन होते, तेव्हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा बनतो. तेथील शिपाई, पाणी सोडणारा किंवा दिवाबत्ती पाहणारा माणूस अनेकदा केवळ तोंडी सांगण्यावरून कामास लागलेला असतो. त्याच्या नेमणुकीचा ठराव, जन्मतारखेचा दाखला आणि सलग सेवेची नोंद शोधून त्याला कोणत्या पदावर, कोणत्या दिनांकापासून घ्यावयाचे, हे ठरवावे लागते. सेवाज्येष्ठतेच्या यादीत एक नाव वरखाली झाल्याने पंधरावीस वर्षांनंतरच्या पदोन्नत्या न्यायालयात अडकतात. ज्येष्ठता यादी दरवर्षी प्रसिद्ध करून हरकती मागविणे हे म्हणूनच या विभागाचे सर्वांत नीरस आणि सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

महानगरपालिकेतील प्रशासकीय सत्तेची रचना मुंबईच्या नमुन्यावर बेतलेली आहे. मुंबईत १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड यांच्या नेमणुकीने आयुक्तपदाची परंपरा सुरू झाली व १८८८ च्या अधिनियमाने ती दृढ केली. तीच पद्धत मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ (पुढे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम) याने इतर शहरांत आणली. त्यातील कलम ५१ अन्वये पदांची संख्या, पदनाम व वेतन यांचा तक्ता आयुक्त तयार करतो आणि तो स्थायी समितीपुढे मांडतो. मात्र नवीन पद निर्माण करण्यास राज्य शासनाची पूर्वमान्यता लागते. साहाय्यक आयुक्त व त्यावरील दर्जाच्या पदांवर नेमणूक करण्याचा अधिकार महानगरपालिकेस, तर इतर पदांवरचा आयुक्तास असतो (कलम ५३). शिस्तभंगाच्या शिक्षेची तरतूद कलम ५६ मध्ये आहे. स्वतः आयुक्ताची नेमणूक राज्य शासन करते. परिणामी कर्मचारी महानगरपालिकेचा, मंजुरी शासनाची आणि दैनंदिन दबाव नगरसेवकांचा, अशा त्रिकोणात विभागप्रमुखाला उभे राहावे लागते. मार्च २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची मुदत संपल्यावर पुढील निवडणुकीपर्यंतच्या काळात आयुक्तच प्रशासक होते. त्यामुळे स्थायी समितीची पायरी वगळली गेली, शासनमान्यतेची मात्र राहिली.

पदांच्या मंजूर तक्त्याला ‘आकृतिबंध’ म्हणतात. तो किती विस्तारावा यावर दोन बंधने असतात. पहिले लोकसंख्या, क्षेत्रफळ व कामाचे स्वरूप यांवरून ठरणाऱ्या निकषांचे. दुसरे आस्थापना खर्चाचे. वेतन व भत्त्यांवरील खर्च महसुली उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असावा, असा शासनाचा दंडक आहे. पिंपरी-चिंचवड ही कारखान्यांच्या जकातीमुळे सधन महानगरपालिका गणली जाई. जकातीऐवजी तेथे १ एप्रिल २०१३ पासून स्थानिक संस्था कर आला, २०१५ च्या ऑगस्टमध्ये बहुसंख्य व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करामुळे त्याची जागा शासकीय नुकसानभरपाईने घेतली. उत्पन्नाचा मुख्य स्रोत शहरातील उलाढालीपासून तुटून शासनाच्या मासिक हप्त्याशी जोडला गेला, याचा परिणाम कर्मचारी नियोजनावरही होतो. कारण कायम पद म्हणजे तीस-पस्तीस वर्षांचे वेतन व त्यानंतरचे दायित्व होय.

शेजारच्या कारखान्यातील कार्मिक व्यवस्थापकाशी तुलना केली असता हा फरक स्पष्ट होतो. कारखान्यात मागणी वाढली, तर नवी पाळी सुरू होते आणि माणसे घेतली जातात. ठराविक वर्षांनी संघटनेशी वेतनकरार होतो. चांगल्या कारागिराला अधिक वेतन देऊन टिकविता येते. महानगरपालिकेत वेतन राज्य शासनाच्या समकक्ष पदांशी बांधलेले असते. सातवा वेतन आयोग राज्य कर्मचाऱ्यांना लागू झाल्यानंतर महानगरपालिकांना तो शासनाच्या स्वतंत्र मान्यतेनेच स्वीकारता आला. जोडारी, वीजतंत्री किंवा संगणकज्ञ या पट्ट्यात कारखान्यांकडे ओढला जाणे स्वाभाविकच आहे. महानगरपालिका स्वतः मोरवाडी येथे औद्योगिक प्रशिक्षण संस्था चालविते. परंतु तेथून बाहेर पडणाऱ्या तंत्रज्ञाला थेट सेवेत घेण्याची मुभा विभागप्रमुखास नसते. त्याला जाहिरात, परीक्षा व गुणवत्ता यादी या मार्गानेच यावे लागते. हे बंधन जाचक वाटले, तरी वशिल्याला आळा घालणारे तेच एक साधन आहे. परीक्षा टीसीएस अथवा आयबीपीएस यांसारख्या बाहेरील संस्थांमार्फत घेण्याच्या पद्धतीने हा आळा अधिक घट्ट झाला.

भरतीचा पाया बिंदुनामावली हा असतो. आरक्षणाच्या प्रमाणानुसार संवर्गातील प्रत्येक पदाला क्रमांक देऊन ते कोणत्या प्रवर्गाचे हे नोंदवहीत लिहिले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ मधील सभरवाल प्रकरणातील निर्णयापासून आरक्षण रिक्त जागांवर न मोजता पदांवर मोजले जाते. त्यामुळे आरक्षित बिंदूवरील कर्मचारी निवृत्त झाला की त्याची जागा त्याच प्रवर्गातून भरावी लागते. ही नोंदवही विभागीय आयुक्तालयातील मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेतल्याशिवाय जाहिरात काढता येत नाही. तिच्यातील एक चूक संपूर्ण भरती रद्द होण्यास पुरेशी असते.

शिस्तीच्या बाबतीत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षण महानगरपालिकेच्या कर्मचाऱ्यास मिळत नाही. कारण तो राज्याचे मुलकी पद धारण करीत नाही. त्याचे संरक्षण अधिनियमातील कलम ५६ व नैसर्गिक न्यायाची तत्त्वे यांतून येते. दोषारोपपत्र, बचावाची संधी, चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल व कारणमीमांसेसह आदेश हा क्रम चुकल्यास उघडपणे दोषी असलेला कर्मचारीही मागील वेतनासह परत येतो. निलंबन ही शिक्षा नव्हे. त्या काळात निर्वाह भत्ता द्यावाच लागतो. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही, तर निलंबन पुढे चालू ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले. चौकशी वर्षानुवर्षे रेंगाळत ठेवणे हे कार्यक्षम विभागाचे लक्षण नाही, मग त्यामागे दया असो वा सूड.

मंजूर पदे व प्रत्यक्ष गरज यांतील तफावत जेथे सर्वाधिक जाणवते, ते क्षेत्र सफाईचे. कायम सफाई कामगारांच्या वारसांना नोकरीत प्राधान्य देण्याची पद्धत लाड–पागे समितीच्या शिफारशींतून आली. पिढीजात व्यवसायाला बांधलेल्या कुटुंबांना सुरक्षितता देणारी ही तरतूद त्याच कुटुंबांना त्याच व्यवसायात ठेवते, हा आक्षेपही तिच्यावर घेतला जातो. दरम्यान शहराच्या नव्या भागांतील सफाई, कचरा-वाहतूक, उद्यानांची देखभाल, सुरक्षा व रुग्णालयांतील साहाय्यक कामे ठेकेदारांमार्फत होऊ लागली. कंत्राटी कामगार महानगरपालिकेच्या आस्थापनेवर नसतो, म्हणून तो कर्मचारी विभागाच्या कोणत्याही नोंदवहीत आढळत नाही. त्याचा संबंध आरोग्य विभागाच्या निविदेशी असतो. एकाच रस्त्यावर एकच झाडू धरणाऱ्या दोघांपैकी एकाला सेवापुस्तक, वैद्यकीय रजा व निवृत्तिवेतन किंवा अंशदान योजना. दुसऱ्याला किमान वेतन, तेही ठेकेदाराने दिले तर.

कायदा येथे महानगरपालिकेस पूर्णतः मोकळी सोडीत नाही. ठेकेदाराने वेतन थकविल्यास ते मुख्य मालकाने द्यावे, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने घालून दिले आणि त्याची जागा घेणाऱ्या श्रमसंहितेतही ते कायम आहे. उमादेवी प्रकरणात (२००६) सर्वोच्च न्यायालयाने मागील दाराने झालेल्या नेमणुका नियमित करण्यास मनाई केली. मंजूर पदांवर दहा वर्षे काम केलेल्यांपुरती एकवेळची सवलत ठेवली. अनेक स्थानिक संस्थांनी या निर्णयाचा अर्थ कायमस्वरूपी काम तात्पुरत्या माणसांकडून करून घेण्याची मुभा असा लावला. गाझियाबाद महानगरपालिकेच्या उद्यान कामगारांच्या प्रकरणात (२०२५) मात्र न्यायालयाने तो अर्थ नाकारला आणि नियमित स्वरूपाचे काम दीर्घकाळ करणाऱ्यांना त्या निर्णयाच्या आधारे डावलता येणार नाही, असे स्पष्ट केले. आकृतिबंध वेळेवर सुधारून घेणे ही आता केवळ सोयीची बाब राहिलेली नाही. ठेकेदाराच्या देयकाबरोबर भविष्यनिर्वाह निधीची चलने व बँकेतून दिलेल्या वेतनाची यादी तपासणे हे लेखा विभागाचे काम समजले जाते. ज्या महानगरपालिकेत कर्मचारी विभाग अथवा कामगार कल्याण अधिकारी ते स्वतः पाहतो, तेथे तक्रार संपाआधी कळते.

इतर देशांत हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला गेला. ब्रिटनमध्ये मॅलबी समितीने (१९६७) स्थानिक शासनातील सेवकवर्गाचा स्वतंत्र विचार केला आणि बेन्स अहवालाने (१९७२) कर्मचारी व्यवस्थापनास वरिष्ठ पातळीवरचे स्थान देण्याची शिफारस केली. पदे ठरविण्याचा अधिकार तेथे मुख्यतः परिषदेकडेच राहिला. भारतात ग्रामीण-नागरी संबंध समितीने (१९६३–६६) राज्यव्यापी नागरी सेवासंवर्गाचा पुरस्कार केला. महाराष्ट्रात नगरपरिषदांसाठी असे संवर्ग निर्माण झाले आहेत, महानगरपालिकांचे कर्मचारी मात्र त्या त्या संस्थेचेच राहिले. वरिष्ठ पदांवर शासनाकडून प्रतिनियुक्तीने येणारे अधिकारी व स्थानिक सेवेतून वर चढलेले अधिकारी यांतील तेढ यातूनच उद्‌भवते. पहिले शहर पूर्णपणे ओळखण्यापूर्वी बदलून जातात, तर दुसऱ्यांना त्या शहराबाहेरचा अनुभवच मिळत नाही. प्रशिक्षणाने ही उणीव काही अंशी भरून निघते. पुण्यातील यशदा ही शासकीय प्रशिक्षण संस्था व मुंबईत १९२६ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था यांचा त्यात मोठा वाटा आहे. संस्थेचा स्वच्छता निरीक्षक अभ्यासक्रम अनेक पिढ्यांचा नोकरीचा मार्ग ठरला.

पट्ट्याच्या उत्तर टोकाला चित्र याहून विरळ होत जाते. कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणभोवती बजाज ऑटो, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र यांचे कारखाने उभे राहिले. २०११ च्या जनगणनेत चाकणची लोकसंख्या सु. ४१,००० होती, तरी तेथे ग्रामपंचायतच होती. नगरपरिषद २०१५ मध्ये झाली. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी इ. गावे तिच्याबाहेर ग्रामपंचायतींच्या हद्दीत राहिली. औद्योगिक भूखंड, रस्ते व पाणी महामंडळाकडे. कामगार भाड्याने राहतात त्या खोल्या, तेथील सांडपाणी व कचरा ग्रामपंचायतीकडे. तिच्याजवळ एक ग्रामसेवक (२०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी हे पदनाम) आणि मोजके कर्मचारी असतात. आरोग्य निरीक्षक, नगररचनाकार किंवा अग्निशमन अधिकारी ही पदे ग्रामपंचायतीच्या रचनेतच नाहीत. नगरपरिषदेतही मुख्याधिकारी व तांत्रिक संवर्गातील अधिकारी राज्य सेवेतून येतात. जागा रिकामी राहिली, तर स्थानिक पातळीवर ती भरता येत नाही.

चाकण परिसरासाठी स्वतंत्र महानगरपालिका असावी, असा विचार २०२५ मध्ये पुढे आला. ती झाल्यास पिंपरी-चिंचवडला १९७० पासून टप्प्याटप्प्याने जे करावे लागले, ते तेथे एकदम करावे लागेल: एका नगरपरिषदेचे व अनेक ग्रामपंचायतींचे कर्मचारी एका ज्येष्ठता यादीत बसविणे, बिंदुनामावली प्रथमच तयार करणे आणि आजच्या लोकसंख्येला पुरेल असा आकृतिबंध २०११ च्या जनगणनेच्या आकड्यांवर शासनाकडून मंजूर करून घेणे.