नैनितालला निघण्यापूर्वी

भारतयात्रेला निघणारी आपल्या बेटावरची मराठी कुटुंबे बहुधा ठरलेली वाट धरतात. मुंबईला उतरायचे, कोकणात पूर्वजांच्या गावाचा माग लागतो का ते पाहायचे, पंढरपूर, कोल्हापूर, तुळजापूर करायचे आणि मग "एवढे आलोच आहोत तर" म्हणून उत्तरेकडे वळायचे. त्या उत्तरेच्या यादीत दिल्ली, आग्रा, हरिद्वार झाल्यावर अगदी शेवटी नैनितालचे नाव येते. मुलांना बर्फ हवा असतो, आजीला देवीचे दर्शन हवे असते, आणि वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जुन्या हिंदी चित्रपटांतले ते तळे असते. पण यादीच्या शेवटी असल्यामुळे त्याच्या वाट्याला येते एक रात्र. दुपारी पोहोचायचे, नावेत बसून छायाचित्र काढायचे आणि सकाळी उतरायचे. वर्षानुवर्षे पैसे साठवून केलेल्या प्रवासात असे करणे म्हणजे भाडे पूर्ण देऊन अर्धा खेळ पाहण्यासारखे आहे. नैनितालला जायचेच असेल तर तीन रात्री तरी काढाव्यात, आणि कोणत्या तीन, हे नीट ठरवावे.

त्यात आपले एक भाग्य आहे. भारतातल्या लोकांना सुट्टी मिळते मे-जूनमध्ये. मैदानी मुलूख तापला की दिल्ली-लखनौकडची माणसे गाड्या भरभरून वर येतात. २०११च्या जनगणनेत जेमतेम ४१ हजार वस्ती असलेल्या या गावाला त्या दिवसांत श्वास घ्यायला जागा उरत नाही. रस्ते तुंबतात, गाड्या खालीच अडवल्या जातात, खोल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट होतात. शिवाय उन्हाळ्यात जंगलांना वणवे लागतात. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालच्या आसपासची आग विझवायला वायुदलाच्या हेलिकॉप्टरने भीमतालमधून पाणी उचलावे लागले होते. धुराने आणि धुळीने हिमालय झाकलेला असतो तो वेगळाच.

आपल्या मुलांची जुलै-ऑगस्टची सुट्टीही कामाची नाही. तेव्हा कुमाऊंमध्ये भर पावसाळा असतो आणि दरडी कोसळतात. ऑक्टोबर एरवी चांगला; तरी १७ ते १९ ऑक्टोबर २०२१ या तीन दिवसांत असा पाऊस झाला की सरोवराचे पाणी माल रोडवर आले आणि गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. राहिली आपली वर्षअखेरची मोठी सुट्टी. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते डिसेंबरची २० तारीख, हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. आकाश स्वच्छ, गर्दी कमी, ऊन कोवळे. नाताळ ते नववर्ष मात्र टाळावे, कारण मे महिन्याची गर्दी त्या आठवड्यात परत येते. उत्तर भारतातले दाट धुकेही डिसेंबरच्या अखेरीस सुरू होते आणि मग गाड्या तासन् तास खोळंबतात.

मुलांना एवढे आधीच सांगून ठेवा की डिसेंबरात नैनितालला बर्फ पडेलच असे नाही. पडला तर बहुधा डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत, आणि तोही एखाद-दुसरा दिवस. थंडी मात्र खरी. क्युरपीपची जुलैतली थंडी ही आपली थंडीची कल्पना. नैनितालला हिवाळ्यातल्या रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. लोकरीचे कपडे शोधत पोर्ट लुईची दुकाने पालथी घालू नका. एकेक जाड स्वेटर घेऊन निघा, बाकीचे वरच्या भोटिया बाजारात मिळतात.

वाट सोपी आहे. दिल्लीहून काठगोदामपर्यंत आगगाडी जाते. हा लोहमार्ग १८८४ सालचा. तेथून नैनिताल सुमारे ३५ किलोमीटर, पण सगळा घाट. मोटार लागणाऱ्यांनी पुढे बसावे आणि पोटभर जेवून निघू नये. मोटारीने थेट दिल्लीहून आल्यास अंतर ३०० किलोमीटरच्या आसपास आहे. वृद्ध बरोबर असतील तर रात्रीची गाडी आणि सकाळचा घाट हेच बरे. नोव्हेंबरात दिल्लीची हवा फार वाईट असते, तेव्हा दम्याच्या माणसाला तेथे उगाच दोन दिवस थांबवू नये.

उतरण्याची जागा ठरवताना दोन प्रश्न आधी विचारावेत. पहिला, रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? गाव डोंगराच्या अंगाखांद्यावर बसलेले आहे. "तलावाचे दृश्य दिसते" असे जेथे लिहिलेले असते, तेथे ऐंशी-शंभर पायऱ्या चढाव्या लागल्या तर नवल नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला अशा खोलीत नेले की ती तीन दिवस खिडकीतच बसून राहणार. दुसरा प्रश्न, परदेशी पारपत्रावर खोली मिळेल ना? आपण दिसतो भारतीय, बोलतो हिंदी, म्हणून हा प्रश्न आपल्याला सुचत नाही. पण परदेशी पाहुण्याची नोंद सी फॉर्म भरून सरकारकडे करावी लागते, आणि लहानसहान लॉजवाले ही कटकट नको म्हणून दारातून परत पाठवतात. रात्री नऊ वाजता थंडीत हे कळण्यापेक्षा आधी विचारलेले बरे.

आता सरोवर. समुद्रसपाटीपासून १,९०० मीटरांहून अधिक उंचीवर, सात डोंगरांच्या कुशीत ते आहे. आपल्या बेटाचे सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर, हे ध्यानात घेतले म्हणजे उंचीची कल्पना येते. तळे सुमारे १.४ किलोमीटर लांब, रुंदी अर्ध्या किलोमीटरहूनही कमी, खोली काही ठिकाणी २७ मीटर. उत्तरेचे टोक मल्लीताल, दक्षिणेचे तल्लीताल. कुमाऊंनी बोलीत मल्ला म्हणजे वरचा आणि तल्ला म्हणजे खालचा. आपल्या गावांत वरची आळी आणि खालची आळी असते तसेच. दोहोंना जोडणारा पूर्वेचा रस्ता तो माल रोड. पलीकडच्या काठाने झाडांच्या सावलीतून जाणारी थंडी सडक आहे. तिच्यावर मोटारींचा त्रास नाही. तळ्याची प्रदक्षिणा जेमतेम साडेतीन किलोमीटरांची आणि बहुतेक सपाट. आजोबांनाही ती सावकाश झेपते. नावेतल्या अर्ध्या तासापेक्षा या प्रदक्षिणेत तळे अधिक समजते, असे माझे मत आहे.

मल्लीतालच्या काठावर नयनादेवीचे मंदिर आहे. सतीचे नेत्र येथे पडले, म्हणून नयन-ताल, अशी श्रद्धा. कोल्हापूरच्या अंबाबाईला शक्तिपीठ म्हणतात ते याच सतीच्या कथेवरून, तेव्हा आपल्या आजीला येथे परके वाटणार नाही. मंदिराजवळच गुरुद्वारा, मोठी मशीद आणि एक जुने मेथॉडिस्ट चर्च आहे. आपल्याला या शेजाराचे अप्रूप ते काय!

पण इतिहासातली एक गोष्ट मॉरिशसच्या माणसाने जरूर ऐकून जावी. १८४१ साली येथे पोहोचलेला आणि युरोपियनांची वसाहत वसवणारा पी. बॅरन हा शाहजहानपूरचा साखरेचा व्यापारी होता. डोंगरातले लोक हे तळे देवीचे मानत आणि तेथे परक्याने वस्ती करावी हे त्यांना मान्य नव्हते. जमिनीवर नरसिंह नावाच्या स्थानिक मालकाचा हक्क होता. बॅरनने त्याला नावेत बसवून तळ्याच्या मध्यभागी नेले आणि बुडवण्याचा धाक घालून हक्क सोडल्याची सही घेतली, अशी हकीकत सांगतात. साखरेच्या व्यापाऱ्याने पाण्यावर नेऊन घेतलेली सही! साखरेसाठीच कागदावर अंगठा उठवून जहाजात बसलेल्यांच्या वंशजांना या हकीकतीचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

पुढे चाळीस वर्षांत डोंगर फोडून बंगले आणि हॉटेले उभी राहिली. १८ सप्टेंबर १८८० रोजी, संततधार पावसानंतर, शेर-का-डांडा या डोंगराचा कडा सुटला. सकाळी एक लहान दरड पडली, तिच्याखाली सापडलेल्यांना काढायला माणसे धावली, आणि दुपारी वरून मोठी दरड त्यांच्यावरच आली. १५१ माणसे गेली. त्यांतली १०८ हिंदी होती. हॉटेल गेले, देवीचे जुने देऊळही गेले. मल्लीतालला जे सपाट मैदान दिसते, जेथे मुले क्रिकेट खेळतात आणि पर्यटक भुट्टे खात फिरतात, त्यात त्या दरडीचा मलबा आहे. त्यानंतर डोंगरउतारांवर पक्के नाले बांधून पावसाचे पाणी वाट काढून तळ्यात सोडण्याची व्यवस्था केली गेली. आजही हे गाव त्या नाल्यांच्या भरवशावर उभे आहे.

तो भरवसा किती टिकेल, हा प्रश्न आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये खालच्या माल रोडचा एक तुकडा तळ्यात खचला. तल्लीतालच्या खाली, जेथून तळ्याचे पाणी बाहेर पडते, तो बलिया नाल्याचा उतार वर्षानुवर्षे ढासळतो आहे आणि त्याच्या कडेच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली आहेत. पाण्याचीही तीच रड. गावाचे पिण्याचे पाणी याच सरोवराचे. त्याला आतून झिरपून पाणी पुरवण्यात मोठा वाटा असलेले सुखाताल नावाचे एक तळे वरच्या बाजूला आहे. ते पावसाळ्यात भरते, एरवी कोरडे असते. कोरडी जागा दिसली की माणूस तेथे भराव घालतो आणि बांधतो. तेथेही तसेच झाले. २०१७च्या उन्हाळ्यात नैनिताल इतके आटले की काठाला मातीची मैदाने उघडी पडली. तळाच्या पाण्यात प्राणवायू उरत नव्हता म्हणून २००७ पासून नळांवाटे आत हवा सोडावी लागते. एवढे सगळे होऊनही वरून पाहिले तर पाणी हिरवेगार आणि सुंदर दिसते, हीच तर पंचाईत.

मार-ओ-वाक्वाची पातळी उतरली की नळाला किती तास पाणी येते, हे आपल्या घरी सांगावे लागत नाही. मग हॉटेलात अर्धा तास गरम पाण्याचा फवारा सोडून ठेवू नये. तेथे बादली मिळते, बादली पुरते. मे महिन्याऐवजी डिसेंबरात गेल्याने या बाबतीतही गावावरचा भार थोडा कमी होतो.

हिमालयाविषयी एक गैरसमज दूर करतो. कॅलेंडरवर तळे आणि त्यामागे बर्फाची शिखरे असे चित्र असते. प्रत्यक्षात तळे वाटीच्या तळाशी आहे, तेथून शिखरे दिसत नाहीत. त्यासाठी वाटीच्या काठावर चढावे लागते. मल्लीतालहून दोरखंडाच्या गाडीने स्नो व्ह्यूला, २,२७० मीटरांवर, काही मिनिटांत जाता येते. सकाळी पहिल्या फेऱ्यांत जा, उन्हे चढली की ढग जमतात. ७,८१६ मीटरांची नंदादेवी आणि तिच्या शेजारचा त्रिशूळ डोळे भरून पाहावे. तरुणांनी पायी नैना शिखर चढावे, ते २,६०० मीटरांच्या वर आहे. डिसेंबरात तीन सकाळींपैकी निदान एक तरी निरभ्र मिळण्याची आशा धरता येते. म्हणून तर तीन रात्री म्हणतो.

आसपास भीमताल, सातताल, नौकुचियाताल आहेत. यांतले भीमताल नैनितालहून मोठे आणि निवांत. नैनितालची गर्दी सोसत नसेल त्यांनी खाली भीमतालला उतरावे व दिवसा वर यावे. उंची कमी, थंडी कमी, म्हाताऱ्या माणसांना सोयीचे. नीम करोली बाबांचे कैंची धाम भवालीच्या पुढे आहे. शनिवार-रविवार सोडून जा. घोडाखालला गोलू देवतेचे देऊळ आहे. हा न्यायाचा देव. लोक कागदावर अर्ज लिहून त्याच्यापुढे टांगतात आणि काम झाले की घंटा वाहतात. याच परिसरात १९५८च्या 'मधुमती'चे चित्रीकरण झाले होते. गंमत अशी की तेथे घेतलेली पुष्कळ फिल्म खराब निघाली आणि ती दृश्ये आपल्या नाशिकजवळ इगतपुरीकडे पुन्हा घेतली गेली. तेव्हा आपल्या वडिलांच्या मनातले नैनिताल कदाचित सह्याद्रीतले असेल!

कागदपत्रांचे थोडक्यात. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आपल्याकडे आल्या असता भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड देण्याचे जाहीर झाले. पूर्वजांची नोंद मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरातून काढावी लागते आणि त्याला वेळ लागतो, म्हणून डिसेंबरच्या प्रवासासाठी वर्षारंभीच हालचाल करावी. कार्ड असले तर व्हिसा लागत नाही आणि अभयारण्यांत, जुन्या वास्तूंत भारतीयांच्याच दराने प्रवेश मिळतो. पाच-सहा जणांच्या कुटुंबाला ही बचत लहान नाही.

परतताना काठगोदामची रात्रीची गाडी असेल तर दुपारचे जेवण आटोपताच घाट उतरावा; अंधार लवकर पडतो. वाटेत बालमिठाई घ्यायला विसरू नये. ती मूळची अल्मोड्याची, खव्याची, वर साखरेचे पांढरे दाणे लावलेली. उतरताना पुढे गौला नदी दिसते. नैनितालचे पाणी बलिया नाल्यातून तिला मिळते, ती रामगंगेला आणि रामगंगा गंगेला. १९७२ साली सर शिवसागर रामगुलाम यांनी याच उत्तराखंडातल्या गोमुखाचे पाणी आणून आपल्या ग्रां बासेंमध्ये मिसळले, तेव्हापासून आपण त्याला गंगा तलाव म्हणतो. महाशिवरात्रीला तेथे कावड घेऊन चालत गेलेल्या मुलाला गौलेच्या पुलावर गाडी थांबवून हे अवश्य सांगावे, आणि मग स्टेशन गाठावे.