ठिबक नियंत्रक पेटीतील इथरनेट व यूएसबी जोडण्या

ठिबक संच किंवा हरितगृहासाठी स्वयंचलित नियंत्रक पेटी घेताना ती किती व्हॉल्व्ह चालवते, एवढेच बहुधा पाहिले जाते. आतील सर्किट बोर्डावरील जोडण्यांकडे लक्ष जात नाही. मग वळवाच्या विजांत बोर्ड जळतो आणि ऐन गरजेच्या वेळी बागेचे पाणी थांबते.

बऱ्याच बोर्डांवर एकाच पत्र्याच्या घरात वर इथरनेटची व खाली यूएसबीची खोबण असते. शेजारी असल्या तरी दोघींचा स्वभाव वेगळा. इथरनेटच्या वाटेत छोटा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. डीपीवरील ट्रान्सफॉर्मरप्रमाणेच त्याच्या दोन गुंडाळ्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. संदेश चुंबकत्वाने पलीकडे जातो. ही फारकत साधारण १५०० व्होल्टचा ताण सोसते.

यूएसबीत अशी फारकत नसते. तिच्या चार वायरींपैकी एक ५ व्होल्टची, दोन माहितीच्या व एक ग्राउंडची. ही ग्राउंडची वायर बोर्डापासून संगणकापर्यंत सरळ जोडलेली असते. जवळ वीज पडल्यास पंपघर व राहते घर येथील जमिनीच्या विद्युतदाबात मोठा फरक पडतो आणि प्रवाह नेमका याच वायरीतून वाट काढतो. म्हणून यूएसबी पेटीजवळच्या कामापुरतीच वापरावी. तशीही यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपलीकडे भरवशाची नाही. इथरनेटची १०० मीटरपर्यंत चालते.

बोर्डाची रचना चुकल्यास ट्रान्सफॉर्मर असूनही उपयोग होत नाही. ट्रान्सफॉर्मरपासून खोबणीपर्यंतच्या पट्ट्यात बोर्डाच्या कोणत्याही थरात ग्राउंडचे तांबे नसावे, अन्यथा ठिणगी तेथूनच उडी घेते. ट्रान्सफॉर्मर सुटा बसवला असेल तर बोर्ड उन्हाकडे धरून पाहावा. तो पट्टा उजेड पार करणारा दिसला पाहिजे. (विक्रेता नाराज होईल, होऊ द्यावा.) काही बोर्डांत ट्रान्सफॉर्मर खोबणीतच असतो, तेथे ही परीक्षा लागू पडत नाही, निर्मात्याचे माहितीपत्रक मागावे.

यूएसबीच्या माहितीच्या दोन रेषा मात्र अखंड ग्राउंड थरावरून, जोडीने व सारख्या लांबीच्या न्याव्या लागतात. जोडीचा इम्पिडन्स यूएसबीसाठी ९० ओहम, इथरनेटसाठी १०० ओहम ठेवतात. यूएसबीच्या खोबणीलगत दाबरोधक डायोड असावा.

पंपघर ते घर साधी, धातूचे आवरण नसलेली इथरनेट केबल टाकावी. दोन्ही टोकांना अर्थ केलेले आवरण पुन्हा ग्राउंडच जोडते. अंतर १०० मीटरपेक्षा जास्त असल्यास किंवा विजांचा त्रास नेहमीचा असल्यास फायबर केबल घ्यावी.