अमेरिकेतलं युद्ध आणि नागपूरची गिरणी: 'आर्ट्स'च्या विषयांतून जग कसं समजतं?

बारावीनंतर आर्ट्स घेतलं की 'पुढे काय करणार?' हा प्रश्न ठरलेला. त्याचं एक उत्तर नागपूरच्या एम्प्रेस सिटी मॉलच्या जागेवर सापडतं. इथे आधी एम्प्रेस मिल होती.

इतिहास काय सांगतो?

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना. मग भारतातल्या, त्यातही वऱ्हाडातल्या कापसाला मागणी आली आणि भाव कडाडले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, तसे भाव कोसळले. पण कापसाचा व्यापार राहिला. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोहोचली. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसाही जवळ, हे हेरून जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी इथे गिरणी सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून नाव 'एम्प्रेस'.

आज याचा काय संबंध?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. कापड निर्यातदार अडचणीत आले. त्यांना कच्चा माल स्वस्तात मिळावा म्हणून केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क आधी ३० सप्टेंबर आणि नंतर ३१ डिसेंबरपर्यंत माफ केलं. विदर्भातल्या शेतकऱ्यांना मात्र आपला भाव पडण्याची धास्ती वाटली.

मग कोणता विषय काय उलगडतो?

- अर्थशास्त्र: बाहेरचा कापूस स्वस्त झाला की इथल्या भावावर दबाव का येतो?
- राज्यशास्त्र: निर्यातदार आणि शेतकरी यांच्यापैकी सरकार कोणाचं आधी ऐकतं?
- समाजशास्त्र: भाव वाढेपर्यंत कापूस घरात ठेवणं कोणाला परवडतं आणि उधारी फेडायला तो लगेच कोणाला विकावा लागतो?
- इतिहास: हे याआधी घडलंय का, आणि तेव्हा कोण तरलं, कोण बुडालं?

'अमेरिकेने शुल्क वाढवलं' ही बातमी मोबाईलवर दहा सेकंदांत वाचून होते. तिचा फटका यवतमाळच्या एखाद्या घराला नेमका कसा बसतो, हे समजायला मात्र हे चारही विषय लागतात. ते शिकणाऱ्याला 'पुढे काय करणार?' विचारताना एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.