पूर्वजांच्या कबरींचा शोध : स्कॉटलंडमधील पेस्ली नगराचा दाखला

नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. या महिन्यात आपण आप्तांच्या कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. परंतु पणजोबांच्या मागील पिढ्या कोठे विसावल्या आहेत असे कोणी विचारले, तर आपण बहुधा निरुत्तर होतो. असा शोध कसा घेता येतो, हे आम्ही येथे पेस्ली नगराच्या उदाहरणाने मांडत आहोत.

पेस्ली हे ग्लासगोच्या पश्चिमेस वसलेले विणकरांचे नगर. काश्मिरी शालींच्या धर्तीवर येथे शाली विणल्या जात. आपल्या साड्यांवरील कोयरीला इंग्रजीत याच नगराचे नाव मिळाले आहे. १९व्या शतकात, विशेषतः १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात, हजारो आयरिश कॅथलिक पोटासाठी पश्चिम स्कॉटलंडमध्ये आले. येथील सूतगिरण्यांतही त्यांनी घाम गाळला. १९४७ साली पेस्ली हे स्वतंत्र धर्मप्रांत झाले.

शोधाचा आरंभ नेहमी ज्ञात पिढीपासून करून मागे जावे. स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. तेथील मृत्यूच्या नोंदीत मृताच्या आईवडिलांची नावे, आईच्या माहेरच्या आडनावासह, लिहिली जात. त्यामुळे एका नोंदीतून मागील पिढीचे दार उघडते. १८५५ ते १८६० या काळात तर दफनाचे ठिकाणही नोंदविले जाई. १८४१ पासूनच्या जनगणना शंभर वर्षांनंतर खुल्या होतात. ही कागदपत्रे ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात.

१८५५ पूर्वीच्या काळासाठी चर्चच्या नोंदवह्यांचाच आधार. कॅथलिकांवरील जाचक कायदे १७९३ साली शिथिल झाले. त्यामुळे त्यापूर्वीच्या कॅथलिक नोंदी विरळ आहेत. नंतरच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत नावे पुष्कळदा लॅटिनमध्ये आढळतात. जेम्सचा ‘याकोबुस’ झालेला असतो! धर्मपिता व धर्ममाता यांची नावे वगळू नयेत. ते बहुधा नात्यातले असत आणि त्यांच्यावरून कुटुंबाचा माग लागतो.

आता कबरीकडे वळू. स्कॉटलंडमध्ये विकत घेतलेल्या कबरीच्या जागेला ‘लेअर’ म्हणतात. दफनभूमीच्या नोंदवहीत त्या जागेचा क्रमांक व तेथे पुरलेल्यांची नावे असतात. म्हणून शिलालेख पुसला गेला, तरी जागा सापडू शकते. गरिबांना मात्र पुष्कळदा सामाईक कबरीत, दगडाविना पुरले जाई. तेथे वंशजाला हिरवळीचा एक तुकडा तेवढा दिसतो. पण नोंदवहीत नाव असते आणि त्या नावाने प्रार्थना करता येते.

प्रभू येशूची वंशावळ मत्तयच्या शुभवर्तमानाच्या आरंभीच दिली आहे, हे येथे आठवावे. ट्रेंट धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहनोंदी ठेवण्याचा आदेश दिला. आजच्या धर्मसंहितेचा ५३५वा नियमही प्रत्येक धर्मग्रामाला बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या वह्या जपण्यास सांगतो. आपल्या धर्मग्रामांतही त्या आहेत. मात्र वहीत कोणते नाव शोधावे, हे घरातील वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असते. ती माणसे आपल्यात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून नावे, गावे व नाती लिहून घ्यावीत, आणि येत्या मृतांच्या स्मरणदिनी ती नावे मिस्साबलीत अर्पण करावीत, अशी आमची विनंती आहे.