केळीतला वाघ, उन्हातला पिंगळा

खानदेशातल्या मुलांना वन्यजीवांची ओळख करून द्यायची, असं ठरवून सहली काढणाऱ्यांनी आधी रानपिंगळ्याची हकिकत वाचावी. १८७३ साली ए. ओ. ह्यूमने या छोट्या घुबडाची शास्त्रीय नोंद केली. पुढे १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशातून त्याचे काही नमुने गोळा केले आणि १८८४ नंतर पक्षी जणू गडप झाला. कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागन याने १९१४ साली गुजरातेत मांडवीला तो मारल्याचा दावा केला होता. त्या भरवशावर नंतरचे शोध भलत्याच ठिकाणी झाले. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीशास्त्रज्ञांनी पुढे सिद्ध केलं की तो नमुना म्हणजे ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला, पुन्हा पेंढा भरून नवं लेबल डकवलेला डेव्हिडसनचाच पक्षी होता. ही लबाडी लक्षात आल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट जुन्या, खऱ्या जागा धुंडाळत आले. २५ नोव्हेंबर १९९७ला शहाद्याजवळ सकाळच्या उन्हात त्यांना रानपिंगळा दिसला, तब्बल ११३ वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं; नंदुरबार जिल्हा व्हायला अजून सात महिने होते.

मला यात चोरीपेक्षा वेगळीच गोष्ट खटकते. हे घुबड दिवसा हिंडतं, उघड्या फांदीवर ऊन खात बसतं. त्या टेकड्यांवर शेळ्या वळणाऱ्या पोरांना ते शतकभरात दिसलंच नसेल, हे पटत नाही. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याच्या जवळपास नसतातच. हा फरक पोरांना कुणी सांगितला नव्हता, आणि पोरांना कुणी विचारलंही नव्हतं.

म्हणूनच ‘ओळख’ या कल्पनेबद्दल थोडं सावध राहावं लागतं. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेड्याच्या परिसरात पूर्णाकाठच्या केळीत वाघ वावरतो. केळीच्या बागेत पाणी असतं, दाट सावली असते, रानडुकरं येतात. वाघाला आणखी काय हवं? मेळघाटाकडून अंबाबरव्यामार्गे येणाऱ्या या वाघांसाठी २०१४ साली १२२.७४ चौरस किलोमीटरचं मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. तिथल्या मजुराच्या मुलीला वाघ माहीत आहे. रात्रीच्या विजेवर पाणी भरायला गेलेले वडील घरी येईपर्यंत आई जागी असते, तो वाघ. तिला चित्रफीत दाखवून ‘हा आपला राष्ट्रीय प्राणी’ सांगणं म्हणजे थट्टाच. तिला कळायला हवं ते वेगळं: तो कुठून येतो, का थांबतो, ताजा माग कसा ओळखायचा, जनावर मारलं तर भरपाईचा अर्ज किती तासांत आणि कुठे करायचा.

आपल्याकडे पर्यावरण शिक्षण सक्तीचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच तसा आदेश दिला. तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ हा विषय शिकवला जातो. परिसर मात्र पुस्तकात राहतो. विदर्भात थोडं बरं चित्र दिसतं. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचा ‘चला माझ्या ताडोबाला’ हा उपक्रम भोवतालच्या गावांतल्या शाळकरी मुलांना जंगलात फिरवून आणतो. ज्या वाघामुळे त्यांच्या गावावर बंधनं आली, तो वाघ परगावचे लोक पैसे मोजून बघतात आणि ही मुलं फाटकाबाहेर उभी राहतात, हा अन्याय त्याने थोडा तरी कमी होतो. यावल अभयारण्याला मात्र पर्यटकांची तशी रांग नाही, त्यामुळे फाटकावरचा तसा पैसाही नाही. १९६९ सालचं हे सुमारे १७७ चौरस किलोमीटरचं जंगल. तिथल्या पाल गावापर्यंत एसटीने जाता येतं, तरी जळगावातल्या कितीतरी घरांना पाल फक्त थंड हवेचं ठिकाण म्हणून ठाऊक.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर उत्तरेकडची बदकं उतरतात ती याच सुमारास. आणि याच सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात, गुजरातेत नाही तर पश्चिम महाराष्ट्रात. चाळीसगाव, पारोळा, साक्री भागातली किती मुलं आईबापांबरोबर ट्रकमध्ये चढतात! ज्या पोरांसाठी सहल काढायची, ती पोरं पक्षी येण्याच्या वेळेला गावातच नसतात. हिवाळी सहलीत मग गावात राहिलेली, म्हणजे त्यातल्या त्यात बऱ्या घरची मुलं जातात, आणि अहवालात ‘वंचित विद्यार्थी’ असं लिहिलं जातं.

सहल पावसाळ्यात काढावी. ऑगस्टमध्ये सगळी पोरं शाळेत असतात. धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणात तेव्हा मोर नाचतो. तिथल्या लांडोर बंगल्यात १९३७च्या जुलैअखेर बाबासाहेब आंबेडकर मुक्कामाला होते, म्हणून दर ३१ जुलैला लोक तिथे जमतातच. वाट अनोळखी नाही. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे याच दिवसांत लागतात. खोप्यावर कविता रचणाऱ्या असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे गलोल खिशात ठेवणाऱ्या पोराला आवर्जून सांगावं. गलोल मात्र जप्त करू नये. जप्त केली की पोरगं गप्प होतं, आणि कुठल्या झाडावर कोण बसतं हे सगळ्यात जास्त त्यालाच माहीत असतं.

दुसरी सहल होळीनंतर. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल घरांत होळी दिवाळीहून मोठी; टोळीवर गेलेली माणसं तिच्यासाठी गावाकडे वळतात. साग तेव्हा निष्पर्ण असतो, त्यामुळे फांदीवरचा रानपिंगळा नजरेला पडू शकतो. घुबडाबद्दलची भीतीही तिथेच बोलून टाकावी. दिवाळीच्या आसपास तंत्रमंत्रासाठी घुबडं पकडली जातात, हे देशभर नोंदवलेलं वास्तव आहे. लक्ष्मीचं वाहन म्हणून पूजायचं आणि लक्ष्मीसाठीच मारायचं.

आता वाटाड्या. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने उजाड झालेलं जंगल पुन्हा उभं केलं. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. बाया रानातून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात, आणि शहरातली शिकलेली माणसं वही काढून त्यांना नावं विचारतात. सहलीतही असंच व्हावं. अहिराणी किंवा पावरी बोलणारा गुराखी पुढे, दुर्बीणवाला पक्षीमित्र त्याच्या मागे. शास्त्रीय नाव नंतर सांगता येतं.

खर्च म्हणाल तर फार नाही. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, खिचडी शाळेची, दुर्बिणी दोन असल्या तरी चालतं. एकाच गोष्टीत काटकसर करू नये. गुराख्याला त्या दिवसाची पूर्ण मजुरी रोख द्यावी. शाल-नारळ देऊन त्याला वाटेला लावू नये.